काउंटरपासून सायबरसुरक्षा: डिजिटल होत असलेल्या सेवाव्यवसायाने तयारी कशी करावी

सेवाव्यवसायात ग्राहकाला ‘नाही’ म्हणणे हा दोष समजला जातो. स्वागतकक्षातील कर्मचारी, फोनवर तक्रारी ऐकणारा मदतनीस, बिलाच्या खिडकीत बसलेला कारकून, या सर्वांना पहिल्या दिवसापासून समोरच्याची अडचण लवकरात लवकर सोडवण्याची शिकवण मिळते. काम वहीत होत होते आणि माणूस समोर उभा असे, तोवर या शिकवणीत फारसा धोका नव्हता. तेच काम पडद्यावर गेले की माणूस दिसेनासा होतो आणि त्याच्या जागी एखादे खाते, एखादा आवाज किंवा एखादा ईमेल उरतो. मदतीची सवय मात्र जशीच्या तशी राहते, आणि हल्लेखोर नेमकी तीच वापरतात.

सप्टेंबर २०२३ मध्ये सीझर्स एंटरटेनमेंट या हॉटेल व कॅसिनो चालवणाऱ्या कंपनीने अमेरिकी नियामकाला कळवले, की आपल्या यंत्रणेतील घुसखोरीचा उगम बाहेरून आयटी साहाय्य देणाऱ्या पुरवठादाराला बोलण्यात गुंतवून केलेल्या फसवणुकीत आहे. त्याच महिन्यात एमजीएम रिसॉर्ट्सच्या हॉटेलांमधील यंत्रणा कोलमडल्या, खोल्यांच्या डिजिटल किल्ल्या चालेनाशा झाल्या आणि या घटनेचा फटका सुमारे १० कोटी डॉलर असल्याचे कंपनीने पुढे जाहीर केले. अशा मोठ्या कंपन्यांकडे सुरक्षेची साधने कमी असतील असे मानणे कठीण आहे. म्हणून पुढील सूचनांची सुरुवात सर्व्हरच्या खोलीतून न करता, जिथे कर्मचारी ग्राहकाशी बोलतो त्या काउंटरपासून केली आहे.

एका ग्राहकाच्या मागोमाग जा

सुरक्षेची तयारी म्हणजे संगणकांची यादी, असा समज सर्वत्र आढळतो. यादी लागतेच, पण त्याआधी एक दिवस काढून एका ग्राहकाचा प्रवास पहिल्या चौकशीपासून शेवटच्या पावतीपर्यंत पाहावा आणि त्याची माहिती कुठे कुठे थांबते ते कागदावर उतरवावे. हे काम आयटी विभागाने एकट्याने करू नये. त्या खुर्चीवर रोज बसणाऱ्या माणसाला शेजारी घेऊनच ते करावे, कारण कोणत्याही अधिकृत आराखड्यात नसलेल्या जागा त्यालाच ठाऊक असतात.

उदाहरणादाखल आरक्षणाचे साधे काम घ्या. ग्राहक संकेतस्थळावर नाव नोंदवतो आणि ती नोंद नव्या प्रणालीत जाते. नवी प्रणाली संध्याकाळी मंद चालते, म्हणून काउंटरवरचा कर्मचारी तीच नोंद आपल्या संगणकावरील एका एक्सेल फाइलमध्येही ठेवतो. ओळखपत्राची प्रत स्कॅनरवर नीट येत नाही, म्हणून तिचा फोटो कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोनवर काढला जातो आणि विभागाच्या व्हॉट्सॲप गटात टाकला जातो. रात्रपाळीचा माणूस तो फोटो छापून फाइलला लावतो, पण गटातला फोटो कोणीच पुसत नाही. यात कोणाचाही वाईट हेतू नाही. प्रत्येकाने आपले काम अडू नये एवढेच पाहिले. तरीही आराखड्यानुसार एकाच ठिकाणी असलेली माहिती प्रत्यक्षात पाच ठिकाणी पडलेली असते आणि त्यांपैकी चार ठिकाणांवर कोणाचेही लक्ष नसते. असा व्यवहार उघडकीस आला की कर्मचाऱ्याला दटावण्याऐवजी स्कॅनर बदलावा. पळवाट बहुधा तिथेच निघते, जिथे अधिकृत रस्ता खड्ड्यांचा असतो.

संक्रमणकाळात जुनी आणि नवी अशा दोन्ही प्रणाली काही महिने बरोबरीने चालतात, आणि माझ्या मते सर्वाधिक धोक्याचा काळ हाच असतो. नव्या प्रणालीकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात, जुनी ‘आता बंदच होणार आहे’ म्हणून बेवारस पडते. मॅरिएटने २०१६ मध्ये स्टारवुड ही हॉटेल कंपनी विकत घेतली, तेव्हा स्टारवुडच्या आरक्षण यंत्रणेत २०१४ पासूनच घुसखोर बसलेला होता. हे सप्टेंबर २०१८ पर्यंत कोणाच्या लक्षात आले नाही. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाच्या अंदाजानुसार जगभरातील सुमारे ३३.९ कोटी पाहुण्यांच्या नोंदींना याची झळ पोहोचली. म्हणून प्रत्येक जुन्या प्रणालीला ती बंद होण्याची तारीख आणि त्या तारखेपर्यंत जबाबदार राहणारा एक माणूस नेमून द्यावा. तारीख पुढे ढकलायची असेल तर ती लेखी कारणासह ढकलावी.

नकाशा तयार झाला की प्रत्येक थांब्यावर विचारावे, की ही माहिती इथे कशासाठी ठेवली आहे. ‘पुढेमागे लागेल’ हे उत्तर ग्राह्य धरू नये. मॅरिएटच्या प्रकरणात सुमारे ५२.५ लाख पारपत्र क्रमांक सांकेतिक स्वरूपात न बदलता तसेच साठवलेले निघाले. कार्डाच्या व्यवहाराला मंजुरी मिळाल्यानंतर त्यावरचा सीव्हीव्ही क्रमांक साठवून ठेवण्यास पीसीआय डीएसएस या कार्ड-व्यवहारांच्या सुरक्षा-मानकानुसार मनाई आहे. तरीही फोनवर घेतलेल्या आरक्षणांच्या जुन्या वह्या आणि ईमेलमध्ये तो शोधून पाहावा. जी माहिती जवळच नाही ती चोरीला जाऊ शकत नाही, आणि ती सांभाळण्याचा खर्चही वाचतो.

सामायिक लॉगिन आणि ओळख पटवण्याचे नियम

पाळ्यांमध्ये चालणाऱ्या कामात एकच लॉगिन चौघांनी वापरणे ही जुनी सवय आहे. पासवर्ड पडद्याच्या कडेला चिकटवलेला असतो, आणि त्याबद्दल हसण्याआधी तो तिथे का चिकटवला आहे हे पाहावे. समोर रांग उभी असताना प्रत्येक माणसाला बाहेर पडून पुन्हा आत येण्यास मिनिटभर लागत असेल, तर कोणीही तसे करणार नाही, मग परिपत्रके कितीही निघोत. उपाय वेळेशी निगडित आहे. कार्ड टेकवून किंवा छोटा पिन देऊन काही सेकंदांत खाते बदलता येईल अशी सोय आधी द्यावी आणि सामायिक लॉगिन त्यानंतरच बंद करावे. क्रम उलटा झाला की कर्मचारी नवी पळवाट शोधतात आणि या वेळी ती दिसतही नाही.

पासवर्ड दर महिन्याला बदलायला लावण्याची प्रथा सोडून द्यावी. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या २०१७ पासूनच्या मार्गदर्शनातही ठरावीक मुदतीने सक्तीचा बदल करू नये असेच म्हटले आहे, कारण त्यामुळे लोक शेवटचा आकडा तेवढा वाढवत राहतात. त्याऐवजी लांब पासवर्ड मागावा, आधीच फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी तो ताडून पाहावा आणि तो फुटल्याचा संशय आला तरच बदलायला सांगावे.

दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डाबरोबर ओळखीचा दुसरा पुरावा मागणे, सगळीकडे एका दिवसात लागू होत नाही, त्यामुळे कुठून सुरुवात करावी हे ठरवावे लागते. प्रथम ईमेल, कारण इतर सर्व खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवे तिथेच येतात. त्यानंतर ॲडमिन खाती, म्हणजे प्रणालीत हवे ते बदल करू शकणारी खाती, आणि बाहेरून आत येण्याचे प्रत्येक दार, मग पगार व देयकांची प्रणाली. एकही दार विसरले तर काय होते याचे उदाहरण २०२४ मध्ये चेंज हेल्थकेअर या वैद्यकीय देयकांची प्रक्रिया करणाऱ्या अमेरिकी कंपनीत दिसले. तिच्या मूळ कंपनीच्या प्रमुखाने अमेरिकी संसदेत दिलेल्या साक्षीनुसार, हल्लेखोर चोरलेले लॉगिन वापरून १२ फेब्रुवारीला एका दूरप्रवेशाच्या पोर्टलमधून आत शिरले आणि त्या पोर्टलवर दुहेरी पडताळणी नव्हती. रॅन्समवेअर, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर, त्यानंतर नऊ दिवसांनी चालवले गेले. एसएमएसने येणारा ओटीपी काहीच नसण्यापेक्षा बरा. पण तो फोनवर गोड बोलून काढून घेता येतो, म्हणून ॲडमिनांसाठी तरी पासकी (पासवर्डाऐवजी चालणारी, फोनमध्ये किंवा संगणकात साठवलेली डिजिटल किल्ली) किंवा भौतिक सुरक्षा-किल्ली वापरावी.

तरीही ही सगळी कुलपे एका फोनने उघडतात. ‘मी अमुक बोलतोय, माझा फोन हरवला, दहा मिनिटांत बैठक आहे, तेवढी पडताळणी नव्या नंबरवर लावून द्या,’ असा फोन कर्मचाऱ्यांच्या तांत्रिक अडचणी सोडवणाऱ्या हेल्पडेस्कला येतो आणि मदतनीस विचारलेल्या क्षणी मदत करतो. इथे नियम इतका स्पष्ट हवा की तो पाळताना कोणाला धैर्य गोळा करावे लागू नये. तो नियम साधारण असा लिहावा: पासवर्ड किंवा दुहेरी पडताळणी बदलण्याची विनंती आल्यास आलेला फोन ठेवून, कर्मचारी-नोंदीत आधीपासून असलेल्या क्रमांकावर उलट फोन करायचा, तो क्रमांक लागत नसेल तर त्या व्यक्तीच्या वरिष्ठाने समक्ष किंवा त्याच पद्धतीने खात्री दिल्याशिवाय बदल करायचा नाही, आणि ॲडमिन खात्यांचे बदल एकट्या मदतनीसाच्या हातून होणार नाहीत. जन्मतारीख, कर्मचारी क्रमांक, वरिष्ठाचे नाव हे प्रश्न ओळखीसाठी पुरेसे मानू नयेत, कारण त्यांची उत्तरे सहज मिळतात.

नियमाखाली संचालकांची सही असावी आणि त्यात एक वाक्य हमखास असावे, की हा नियम पाळल्यामुळे कोणाचे काम खोळंबले तरी मदतनीसाला जाब विचारला जाणार नाही. या वाक्याशिवाय बाकीचे सगळे कागदी घोडे ठरतात. एखादा वरिष्ठ अधिकारी स्वतःच ‘ओळखत नाहीस का मला?’ असे दरडावतो, तेव्हा नियमाची खरी परीक्षा होते, आणि त्या प्रसंगी अडवणाऱ्या मदतनीसाचे सर्वांसमोर कौतुक झाले तर दहा प्रशिक्षणवर्गांचे काम होते.

पैशांच्या बाबतीतही हीच रीत. पुरवठादाराचे बँक खाते बदलल्याचा ईमेल आला, तर ईमेलमधल्या नव्हे, जुन्या करारातल्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी. आवाज किंवा चेहरा हा आता पुरावा राहिलेला नाही. अरूप या अभियांत्रिकी सल्लागार कंपनीच्या हाँगकाँगमधील एका कर्मचाऱ्याने २०२४ च्या सुरुवातीला उघड झालेल्या प्रकरणात सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले, ते व्हिडिओ बैठकीत दिसलेल्या आपल्याच वरिष्ठांच्या सांगण्यावरून. ते चेहरे आणि आवाज बनावट होते.

पुरवठादार, जाळे आणि अपडेट

डिजिटल होणे म्हणजे प्रत्यक्षात बाहेरच्या अनेक सॉफ्टवेअर कंपन्यांना घरात घेणे. टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीतून २०१३ च्या अखेरीस सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली, तेव्हा हल्लेखोर शीतकरणाची कामे करणाऱ्या एका कंत्राटदाराच्या लॉगिनने आत आले होते. शीतयंत्रे पाहणाऱ्याच्या खात्यातून कार्ड वाचणाऱ्या यंत्रांपर्यंत वाट असायलाच नको होती. प्रत्येक पुरवठादाराला करारापूर्वी विचारावे, की तुमचे किती लोक आमच्या प्रणालीत येऊ शकतात, ते कोणत्या पडताळणीने येतात, तुमच्याकडे घुसखोरी झाली तर आम्हाला किती तासांत कळवाल आणि करार संपल्यावर आमची माहिती पुसल्याचे लेखी कधी द्याल. पुरवठादाराचे खाते काम असेल तेव्हाच उघडावे आणि काम संपले की बंद करावे.

संगणकांच्या जाळ्याबाबत थोडक्यात सांगण्यासारखे आहे. पाहुण्यांचे वायफाय, पैसे घेणारी यंत्रे, कॅमेरे व दारांची कुलुपे आणि कार्यालयीन संगणक हे चार भाग वेगळे ठेवावेत, आणि एकातून दुसऱ्यात जाण्याची परवानगी गरजेपुरतीच द्यावी.

अपडेटची अडचण वेगळी असते. सेवा बंद ठेवायला सोयीची वेळ कधीच सापडत नाही आणि अपडेट लांबत जाते. वॉनाक्राय हे रॅन्समवेअर ज्या त्रुटीवर पसरले तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिली होती आणि हल्ला १२ मे रोजी झाला. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत त्यामुळे १९ हजारांहून अधिक भेटी रद्द झाल्याचा सरकारी लेखापरीक्षकांचा अंदाज आहे. आठवड्यातला सर्वांत कमी वर्दळीचा तास काउंटरवाल्यांनाच विचारून ठरवावा आणि तो देखभालीसाठी कायमचा राखून ठेवावा. दर वेळी परवानगी मागण्याची गरजच मग उरत नाही.

बॅकअप परत आणून पाहा

बॅकअप आहे का, या प्रश्नाला सगळे होकारच देतात. तो परत आणून पाहिला आहे का, हे विचारल्यावर मात्र शांतता पसरते. गिटलॅब या सॉफ्टवेअर सेवेत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेस पुसला गेला. रोजचा बॅकअप पाहायला गेले तर तो तयारच होत नव्हता, कारण बॅकअप घेणाऱ्या साधनाची आवृत्ती जुनी आणि डेटाबेसची नवी होती. अपयशाची सूचना देणारे ईमेलही पाठवले जात होते, पण ते ईमेल-सर्व्हरच नाकारत होता, त्यामुळे कोणाला काही कळले नाही. योगायोगाने सुमारे सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत हाती लागली आणि त्यावर निभावले. कंपनीने हे सगळे स्वतःहून तपशीलवार प्रसिद्ध केले, हा तिचा मोठेपणा.

यावरून घ्यायची रीत सोपी आहे. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि एक दुसऱ्या ठिकाणी, हा परिचित नियम पाळावा. त्यात एक प्रत अशी असावी की ॲडमिनच्या लॉगिननेही ती पुसता येणार नाही, कारण रॅन्समवेअर चालवणारे आधी बॅकअपच शोधतात. दर तीन महिन्यांनी एक खरी फाइल किंवा एक संपूर्ण विभाग रिकाम्या यंत्रावर परत आणावा आणि घड्याळ लावून किती वेळ लागला ते लिहून ठेवावे. चार तासांत सेवा सुरू करू असे ग्राहकांना सांगितले असेल आणि परत आणायलाच अकरा तास लागत असतील, तर ते हल्ल्याच्या दिवसापेक्षा आज कळलेले चांगले.

पडदा बंद असतानाचा दिवस

जून २०१७ मध्ये नॉटपेट्या हे संगणक निकामी करणारे घातक सॉफ्टवेअर पसरले तेव्हा मर्स्क या जहाजवाहतूक कंपनीला १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. कंपनीच्या अध्यक्षांनी नंतर सांगितल्याप्रमाणे त्या दिवसांत मालाची उलाढाल सुमारे २० टक्केच घटली, कारण माणसांनी हाताने काम रेटले. हाताने काम करता येणे ही क्षमता डिजिटल होताना पहिली हरवते. वही कपाटात जाते, मग कपाट जाते, आणि वहीत कसे लिहायचे हे माहीत असलेला माणूस निवृत्त होतो. त्यातही पडदा बंद पडायला हल्लेखोरच लागतो असे नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज संगणक ठप्प झाले आणि विमानसेवांपासून रुग्णालयांपर्यंत रांगा लागल्या.

म्हणून प्रत्येक काउंटरखाली एक फाइल ठेवावी. तिच्यात कोऱ्या पावत्या व नोंदणी अर्ज, चालू दरपत्रक, त्या दिवसाच्या आरक्षणांची सकाळी छापलेली यादी, रोखीने व्यवहार किती रकमेपर्यंत घ्यायचा याची मर्यादा, आणि संपर्क क्रमांकांचा कागद असावा. हा शेवटचा कागद खरोखर कागदच असावा. आपत्कालीन क्रमांकांची यादी बंद पडलेल्या सर्व्हरवरच ठेवलेली असणे ही चूक ऐकायला हास्यास्पद वाटते, तरी ती सर्रास होते. यादीत ईमेल न चालल्यास कोणत्या मार्गाने बोलायचे हेही आधीच ठरवून लिहावे, कारण घुसखोर आत असेल तर तो कार्यालयाचे ईमेल वाचत असण्याची शक्यता असते.

पहिल्या तासाचे काम एका पानावर मावले पाहिजे. संशयित संगणकाची नेटवर्कची केबल काढावी आणि वायफाय बंद करावे, पण शक्यतो संगणक बंद करू नये, कारण तपासासाठी लागणाऱ्या खुणा त्याच्या स्मृतीत असतात. पडद्यावर काय दिसले त्याचा फोटो काढावा आणि वेळ लिहावी. पाळीप्रमुखाने ठरलेल्या एकाच व्यक्तीला फोन करावा, आणि पैसे घेणारी यंत्रे थांबवण्याचा अधिकार त्या व्यक्तीकडे वरिष्ठांना न विचारता वापरण्याइतका पूर्ण असावा. मध्यरात्री संमतीसाठी फोन लावत बसण्यात गेलेला वेळ भरून येत नाही. काउंटरवरच्या माणसाला ग्राहकांना काय सांगायचे तेही दोन वाक्यांत लिहून द्यावे. ती वाक्ये खरी असावीत, ‘किरकोळ तांत्रिक अडचण’ म्हणून नंतर तोंडघशी पडण्याची वेळ येऊ नये. कायदेशीर मुदतींची नोंदही त्याच पानावर हवी. युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यानुसार वैयक्तिक माहितीला धक्का लागल्याचे कळल्यापासून ७२ तासांच्या आत नियामकाला कळवावे लागते, तर इतरत्र मुदती वेगळ्या आणि काही ठिकाणी त्याहूनही कमी आहेत. आपल्याला लागू असलेली मुदत वकिलाकडून आधीच लिहून घ्यावी.

एवढे झाल्यावर सराव करावा, आणि तो सभागृहात खुर्च्या मांडून करू नये. एका शाखेत, नेहमीच्या पाळीत, तासभर प्रणाली बंद आहे असे जाहीर करून फाइलवर काम चालवावे आणि एकाने बाजूला उभे राहून फक्त टिपावे: कोणता अर्ज सापडला नाही, दर कोणाला पाठ नव्हते, कोणता क्रमांक जुना निघाला, प्रणाली परत आल्यावर कागदावरच्या नोंदी आत भरायला किती वेळ लागला आणि त्यांत किती चुका झाल्या. याच तासात हेल्पडेस्कला एक बनावट फोनही करावा आणि पासवर्ड बदलून मागावा. टिपलेल्या त्रुटींपैकी पहिल्या तिन्हींना दुरुस्ती करणाऱ्याचे नाव आणि तारीख लावावी, आणि पुढच्या वेळी हाच सराव रात्रपाळीत घ्यावा, कारण तिथे माणसे कमी असतात आणि विचारायला जवळपास कोणी नसते.